हळकुंडाचा दोरा

शुक्रवारी सकाळी आमच्या आक्काच्या मागच्या दारात दागिना धुवून घ्यायला बाई आली, की आक्का तिच्या तोंडाकडं बघायची न्हाय, आधी गळ्याकडं बघायची. मंगळसूत्र हातात आणि गळा रिकामा, असं दिसलं की संपलंच. "ए बाई, दोरा बांध आधी! मोकळ्या गळ्यानं माझ्या दारात बसायचं न्हाय," असं वरडायची, ते पार कोपऱ्यावरच्या गिरणीत ऐकू जायचं.

दोरा म्हंजे हळकुंडाचा दोरा. सवाष्णीनं मंगळसूत्र काढलं, मग ते धुवायला असू दे न्हायतर गुजरीत सोनाराकडं गाठवायला द्यायला असू दे, तेवढ्या वेळात गळा उघडा ठिवायचा न्हाय. पिवळ्या सुतात हळकुंड बांधून गळ्यात घालायचं, आणि मंगळसूत्र परत गळ्यात आलं की दोरा काढायचा. आमच्याकडची जुनी रीत हाय. आताच्या पोरी पाळत न्हाईत, कानात वायरी घालून बसत्यात, गळ्यात काय हाय आणि काय न्हाय ह्याची शुद्ध न्हाय. पण आक्काच्या दारात तसलं चालायचं न्हाय. तिच्या मागच्या चौकटीला खिळा हुता आणि त्या खिळ्याला दोरे टांगलेले असायचे. विसराळू बायकांसाठी.

मी पूर्णिमा, आक्काची धाकटी जाऊ. मंगळवार पेठेत आमची दोन घरं हायत, मधी एकच भिंत. तिच्याकडं भाकरी थापलेली मला ऐकू येती आणि मी माझ्या नवऱ्यावर तोंड सोडलं की तिला ऐकू जातं. तिचा नवरा, म्हंजे माझे थोरले दीर आकाराम. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. फौंड्रीत जन्म घालवला त्या माणसानं, आणि रिटायर झाल्यावर रोज पहाटे गंगावेशीत जाऊन म्हशीचं ताजं दूध उभ्यानं प्यायचं, एवढंच त्यांचं व्यसन.

आक्का काय सोनारीण न्हाय. गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याची लेक. पण दागिन्याची तिला माया. गुरवारी सांजचं रिठं भिजत घालायची. शुक्रवारी ते चुरगळून, गाळून, त्याचा फेस करायची, आणि मग मागच्या दारातल्या दगडावर बसून एकेक दागिना हातात घ्यायची. सोडा न्हाय, भांड्याची पावडर न्हाय. जोडव्यांना दातांची पेस्ट चोळणारी बाई दिसली की तिच्या हातावर चापटी बसलीच म्हणा. गळ्यातला साज असला तर पाणी गारच लागायचं. साजाच्या मण्यांत आणि पानांत लाख भरलेली असती; ऊन पाण्यात घातला की लाख पाघळती आणि सोन्याचं नुसतं टरफल हातात राहतं. स्नेहलनं, म्हंजे आक्काच्या सुनेनं, नवी नवी असताना मोबाईलवर बघून साज उकळत्या पाण्यात सोडाय घेतला हुता. आक्कानं पातेलंच लाथाडलं. पाणी माझ्या पायावर! आजून डाग हाय.

मंगळसूत्राचं तर तिचं शास्त्रच हुतं. वाटीला पालथीकडनं पोट असतं की, त्या पोटात पीठ बसतं, साबण बसतो, घाम बसतो. ते टाचणीनं काढायचं न्हाय, ओरखडा पडतो. उदबत्तीची जळकी काडी भिजवून हळूहळू फिरवायची. मग बाळाच्या दातांचा मऊ ब्रश. मग पाणी. आणि पुसायला तात्यांच्या जुन्या बनियनचा तुकडा, दुसरं कायबी चालायचं न्हाय. तात्या शेजारी च्या पीत बसलेले असायचे आणि म्हणायचे, "माझी बनियन कधी फाटती म्हणून वाट बघत्यात ह्या बायका." सगळ्या हसायच्या.

धुऊन पुसून झालं, की आक्का तात्यांकडं पाठ करून बसायची. तिचा उजवा खांदा धरलेला, हात मागं जात न्हवता. मानेमागचा हूक तात्या लावायचे. कप खाली ठिवून, चष्मा डोक्यावरनं नाकावर घिऊन, दोन्ही हातांनी. "लागला काय?" "लागला." मग आक्का हळकुंडाचा दोरा काढून खिळ्याला अडकवायची. इतक्या वर्षांत त्यात बदल म्हणून न्हाय.

आता सांगतो ते गेल्या पावसाळ्यानंतरचं.

बुधवारी तात्या गंगावेशीतनं परत येताना रस्त्यातच बसले. कोण म्हणतं छातीत दुखलं, कोण म्हणतं घेरी आली. दवाखान्यात नेईस्तवर सगळं संपलं हुतं. दुपारी त्यांना घरी आणलं तवा आक्का भाजी निवडत बसली हुती, तिला कुणी कायच सांगितलं न्हवतं. गाडी दारात बघून ती उठली आणि तिथंच कोसळली.

तिला शुद्धीवर आणाय आमची पळापळ चाललेली, आणि धोंडुबाई आली. धोंडुबाई आमची चुलत सासू. भावकीत तिचा शब्द म्हंजे शब्द. लगीन असू दे, बारसं असू दे, मयत असू दे, काय आधी आणि काय मागनं हे धोंडुबाई सांगणार आणि बाकीच्यांनी करायचं. तिनं आक्काच्या डोक्याशी बसून पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळाकडं हात नेला. दुसरा हात सरळ मंगळसूत्राला.

मी तिचं मनगट धरलं. "आत्याबाई, हात लावायचा न्हाय."

"सोड. मयत उचलायच्या आधी करायचं असतं हे."

"ती शुद्धीवर न्हाय. बेशुद्ध बाईच्या गळ्याला हात घालताय? लाज वाटाय पायजे!"

अहो, जो कालवा झाला! बाहेरनं पुरुष माणसं आत आली. "मयत दारात हाय आणि तुम्ही भांडताय व्हय?" माझ्या नवऱ्यानं मला दंडाला धरून मागं वढलं. धोंडुबाई उठली, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ठीक हाय. आज ऱ्हाऊ दे. शुक्रवारी रक्षाविसर्जन हाय. नदीवरनं माणसं आली की चार बायकांसमोर तिनं स्वतःच्या हातानं काढायचं. तवा कोण आडवं येतंय बघू."

झालं. शुक्रवार ठरला.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कोण करतं हे? शिरोळ तालुक्यातल्या एका गावानं तर ठराव करून बंद केलं, पेपरात आलतं. मीबी गुरवारी तेच म्हटलं. धोंडुबाई म्हणाली, "ते त्यांच्या गावात. आपल्या घरात अजून ग्रामपंचायत आलेली न्हाय." बाकीच्या बायका गप. त्यातल्या निम्म्या जणी दर शुक्रवारी आक्काच्या हातनं मंगळसूत्रं धुवून घेतलेल्या! त्या दिवशी मला सगळ्यांची चीड आली हुती, आणि सगळ्यांत जास्त माझीच, कारण मला रडूच येत हुतं.

मी लहान हुते तवा माझ्या आईचं झालेलं बघितलंय मी. उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या बायकांनी. काच मनगटात घुसली. आई "हळू गं, हळू" म्हणत हुती, आणि कोण हळू करत न्हवतं. ते "हळू गं" अजून माझ्या कानातनं जात न्हाय. तवा कुणी मला म्हणू नये की पूर्णी उगंच भडकती.

पण खरं सांगू काय, मला भीती धोंडुबाईची न्हवती. आक्काचीच हुती. तिला काय पायजे ते कळतच न्हवतं. भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे, हात मांडीवर. मी तिच्या कानात म्हटलं, "आक्का, तू फक्त न्हाय म्हण. बाकीचं मी बघतो." तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत समोर बघाय लागली. आणि आक्का म्हंजे रीत पाळणारी बाई! दोऱ्याशिवाय दारात बसू न देणारी. एवढी रीत मानणारी बाई ही रीत मोडणार कशी?

तेवढ्यात धोंडुबाईनं खरी कळ दाबली. आक्काचा लेक राजवीर पुण्यास्नं आलता, संगट स्नेहल, सातव्या महिन्यातली. धोंडुबाई त्याला म्हणाली, "बाळा, तुझी बायको पोटुशी हाय. आता डोहाळजेवण, मग बारसं. तुझ्या आईनं रीत सोडून गळ्यात घातलं आणि उद्या काय इपरीत झालं, तर मग मला विचाराय यायचं न्हाय."

पोरगं पांढरं पडलं. मागच्या दारात मला म्हणतो, "काकी, मला हे पटत न्हाय. पण आज्जी म्हणती तसं काय झालं तर? ऱ्हाऊ दे की. नुसतं मंगळसूत्रच हाय न्हवं?"

"नुसतं?" मी म्हटलं. "इंजिनीअर झालास व्हय रं तू? तुझा बाप दर शुक्रवारी त्याचा हूक लावत हुता. जाऊन तुझ्या आईला म्हणून दाखव, नुसतं."

त्यो गेला न्हाय.

सांज झाली. बायका आपापल्या घरी गेल्या. मी पिठलं-भात घिऊन गेले तर आक्का पहिल्यांदा बोलली. आवाज बसलेला हुता.

"पूर्णी, रिठं भिजत घातल्यात काय?"

सुतकाच्या घरात, नवरा जाऊन दोन दिवस न्हाईत, आणि ही रिठं विचारती. मला कळलं काय ते. काढून द्यायचं ठरलंय तिचं. आणि मळकं कशाला द्यायचं, धुवून, पुसून, नीट कापडात बांधून द्यायचं. आक्का तशीच हाय. मी म्हटलं, "आक्का, एकदा विचार कर." ती म्हणाली, "मूठभर घाल. आणि पाणी झाकून ठिव, मुंग्या हुत्यात." मी रिठं घातलं आणि वाटी आपटून ठिवली. तिच्यावर एवढी रागावले हुते मी की जेवलेबी न्हाय.

शुक्रवारी पुरुष माणसं पंचगंगेवर गेली. घरात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. धोंडुबाई मधोमध. तिनं येताना ताट आणलं हुतं, पितळेचं, घासून लख्ख केलेलं. ते तिनं आक्काच्या पुढ्यात ठिवलं. बाहेर गाड्यांचा आवाज आला, माणसं आली, पायावर पाणी घिऊन आत आली आणि दाराशी थांबली. राजवीरनं आतबी बघितलं न्हाय.

"काढ बाई," धोंडुबाई म्हणाली. आवाज चढवला न्हाय तिनं. "मीबी काढलंय. तुझ्या सासूनं काढलंय. कुणाला चुकलंय?"

आक्का उठली. ताट तिथंच. पदर सावरत मागच्या दाराकडं निघाली. कुणाला कळेना, मग एकेक करून सगळ्या तिच्या मागनं. ती दगडावर बसली, आपल्या नेहमीच्या जागी. रिठ्याची वाटी वढून घेतली. डाव्या हातानं मंगळसूत्र फिरवून हूक पुढं आणला, आणि काढला.

मंगळसूत्र तिच्या तळहातावर. गळ्यावर काळ्या मण्यांचा वळ तेवढा राहिलेला. कुणीतरी हुंदका दिला. मी भिंतीकडं तोंड केलं. मला बघवेना. माझ्या कानात परत ते सुरू झालं, हळू गं, हळू गं.

"शाणी हाईस," धोंडुबाई म्हणाली. "आन गं कुणीतरी ते ताट हिकडं."

आणि आक्का म्हणाली, "पूर्णी, त्यो दोरा दे की."

मी वळले. ती खिळ्याकडं बोट करत हुती. बसल्या जागेवरनं हात पोचत न्हवता. मला काय समजलं न्हाय, खरंच सांगतो, मी येड्यासारखी बघतच राहिले. ती माझ्यावर खेकसली, "अगं दे की! मोकळ्या गळ्यानं किती वेळ बसू?"

देवा! मी असा हिसडा दिला की खिळ्यावरचे सगळे दोरे खाली पडले. एक उचलून तिच्या हातात दिला. तिनं पुढनं गाठ मारली आणि दोरा फिरवून घेतला. हळकुंड बरोबर गळ्याच्या खळीत आलं.

आता सगळ्यांना कळलं. दोरा कुणी बांधायचा आणि कशासाठी बांधायचा हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक हुतं, आक्कानंच वरडून वरडून शिकवलं हुतं की. धोंडुबाईच्या हातात ताट आलतं, ते तसंच राहिलं.

"अगं, दोरा सवाष्णीनं बांधायचा."

"दोरा धुवाय काढल्यावर बांधायचा, आत्याबाई," आक्का म्हणाली. काडी तिनं पाण्यात बुडवली हुती. "आज शुक्रवार हाय. धुवाय काढलंय. धुवून परत घालायचंय."

"आणि उद्या तुला हळदी-कुंकवाला कोण बोलवंल?"

"नका बोलवू."

"सुनेची वटी कशी भरशील? तिच्या पोटाचा तरी विचार कर!"

आक्काचा हात थांबला. काडी वाटीच्या पोटात तशीच. मला वाटलं, गेलं सगळं. तिनं एकेक वाटी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "ही वाटी माझ्या बापानं घातली. ही ह्यांनी घातली. हे गेले. काल मी सारखं बघत हुते, वाटीबी गेली काय. न्हाय गेली. हाय तिथं हाय." आणि परत काडी फिरवाय लागली.

मग आम्ही सगळ्या उभ्या राहून तिला मंगळसूत्र धुताना बघत राहिलो. तिनं कायबी घाई केली न्हाय. दोन्ही वाट्या. एकेक मणी. ब्रश, मग गार पाणी. धोंडुबाई उभी, मी उभी, आमच्या दोघींच्या मधी आक्का बसलेली. धोंडुबाई कवा एकदा हात घालती आणि रिठ्याची वाटी लाथाडती, म्हणून मी पदर खोचूनच उभी हुते. मग आक्कानं कापड घेतलं. तात्यांच्या बनियनचं. ते नाकाशी धरलं आणि तवा पहिल्यांदा रडली ती. आवाज करून, तोंड उघडं टाकून रडली. रडत रडत पुसलं.

मंगळसूत्र गळ्याशी लावलं आणि दोन्ही टोकं धरून ती सवयीनं उजवीकडं वळली. पाठ करून बसली. तिकडं कोण न्हवतं. च्याचा कप न्हवता, माणूस न्हवतं. टोकं धरलेले हात तसेच वर राहिले.

मी पुढं पाऊल टाकलं, पण माझ्याआधी स्नेहल आली. भिंतीला धरून, पोट सावरत, ती आक्काच्या मागं गुडघ्यावर बसली. जिच्या पोटाची धमकी चालली हुती ती पोरगी! तिनं राजवीरकडं बघितलं न्हाय, धोंडुबाईकडं बघितलं न्हाय. दोन्ही हातांनी हूक लावला.

"लागला काय?" आक्कानं विचारलं.

"लागला, आई."

दाराशी राजवीर उभ्या उभ्या रडत हुता. आक्कानं दोरा काढून माझ्या हातात दिला, मी त्यो खिळ्याला अडकवला. धोंडुबाईनं ताट काखेला मारलं आणि च्या न घेता गेली. तिच्या मागनं बाकीच्याबी गेल्या.

त्यानंतर शुक्रवार ओस पडले. आक्का रिठं भिजवायची, दगडावर बसायची, आणि कोण यायचं न्हाय. गल्लीतनं जाताना बायका मोबाईलमधी बघितल्यासारखं करायच्या. मी एकटी जायचे, माझं एकटीचं मंगळसूत्र धुवून धुवून झिजाय आलं. आक्का सारखी दाराकडं बघत असायची. मला वाटायचं, प्रत्येकीच्या दारात जाऊन तोंड दुखेस्तवर बोलावं.

आणि एका शुक्रवारी धोंडुबाई आली.

मी लगेच पदर खोचला. म्हटलं, आता हिचं काय राहिलंय? पण ती मागच्या दारानं आलती, एकटी. कमरेच्या पिशवीतनं तिनं तपकिरीची जुनी डबी काढली आणि आक्काच्या पुढ्यात धरली. आत दोन वाट्या हुत्या, काळ्या दोऱ्याच्या तुकड्यात अडकलेल्या. दोरा वढून तोडल्यासारखा हुता. तिचा नवरा गेला तवा तिच्या कडेवर तान्हं हुतं, हे भावकीत सगळ्यांना ठाऊक हाय. वाट्या असतील अजून, हे कुणालाच ठाऊक न्हवतं.

"मळल्यात," ती समोर बसत म्हणाली. "नुसत्या धुवून दे. मला घालायच्या न्हाईत."

आक्कानं डबी घेतली. वाट्या पाण्यात सोडणार, तेवढ्यात तिनं वर बघितलं. नेहमीसारखं, तोंडाकडं न्हाय, गळ्याकडं. धोंडुबाईचा गळा उघडा. आम्ही जन्मात कधी वेगळा बघितलेला न्हाय.

"पूर्णी, दोरा दे."

माझं धाडस हुईना. पण आक्काचा हात पुढं, मी दिला. आक्का उठली, धोंडुबाईच्या मागं गेली आणि दोरा बांधाय लागली. उजवा हात वर जाईना, तरी तिनं दात आवळून गाठ मारली.

"अगं, मला न्हाय घालायचं म्हणतो न्हवं," धोंडुबाई म्हणाली. पण हलली न्हाय ती. दोन्ही हात तिनं गुडघ्यावर घट्ट दाबून धरले हुते.

"धुऊन हुईस्तवर," आक्का म्हणाली. "माझ्या दारात मोकळ्या गळ्यानं बसायचं न्हाय."

त्या वाट्यांना लई वेळ लागला. पोटातला मळ दगडासारखा झालता, आक्कानं तीन काड्या मोडल्या. मग धुतल्या, पुसल्या, डबीत ठिवल्या. धोंडुबाईनं डबी कमरेला लावली आणि घरी गेली. दोरा तिनं काढला न्हाय, आणि आम्हीबी काढ म्हटलं न्हाय.